प्याला आणि ताट

मराठीत दारू पिण्याच्या जागेला स्वतःच्या घरातले असे नाव नाही. जी नावे रूढ आहेत ती बहुतेक सरकारदरबारातून आलेली आहेत. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता. सरकारात रक्कम भरून विक्रीचा हक्क घेणारा तो गुत्तेदार. मराठवाड्यात सरकारी कामाच्या कंत्राटदाराला आजही गुत्तेदारच म्हणतात. ‘परमिट रूम’ ही तर उघडउघड परवान्याची खोली. उरलेला ‘बार’ इंग्रजीतून जसाच्या तसा आला आणि पाट्यांवर राहिला. म्हणजे या जागेकडे पाहताना आपल्या भाषेने महसूल पाहिला, परवानगी पाहिली. तिथे बसलेला माणूस मात्र तिच्या नजरेतून सुटला.

निदान लिहिण्याच्या भाषेतून तरी सुटला. बोलण्याच्या भाषेने त्याला बरोबर टिपले आहे. ‘संध्याकाळी बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. या प्रश्नात दारूचा उल्लेख नाही, पिण्याचाही नाही. क्रियापद आहे ते बसण्याचे. ज्या शहरात लोकलमध्ये बसायला मिळत नाही, घरात बसायला दुसरी खोली नाही आणि बागेत अंधार पडला की शिट्टी वाजते, त्या शहरातल्या माणसांनी पिण्याला ‘बसणे’ म्हणावे, यात आम्हांला नुसता संकोच दिसत नाही. त्यात एक सामाजिक सत्य दडलेले आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच आहे.

कोणत्या जागेबद्दल आम्ही बोलत आहोत ते आधी स्पष्ट केलेले बरे. २००५ च्या बंदीपासून २०१९ च्या न्यायालयीन निकालापर्यंत ज्यांच्यावरून वाद झडले ते डान्सबार आमच्या विचारात नाहीत. मॉलच्या वरच्या मजल्यावरचे, कानठळ्या बसवणारे पबही नाहीत. आम्हांला अभिप्रेत आहे तो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावरचा, गल्लीच्या तोंडाशी असलेला, ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी धुरकट पाटी मिरवणारा साधा परमिट रूम. दहा-बारा टेबले, त्यांवर सनमायका, भिंतीवर एक आवाज बंद केलेला टीव्ही आणि त्यावर क्रिकेट, गल्ल्यामागे हार घातलेली देवाची तसबीर. बसताक्षणी न मागता समोर येणारी उकडलेल्या शेंगदाण्यांची वाटी, काकडीचे चार तुकडे, कधी चकली. आणि मग तो प्लॅस्टिकच्या आवरणातला लांबलचक मेनू, ज्यात बोंबील फ्राय, कलेजी, चिकन सुक्के, अंडाभुर्जी, शेजवान राईस आणि दालखिचडी असे एकमेकांशी कुळाचा कसलाही संबंध नसलेले पदार्थ गुण्यागोविंदाने नांदत असतात.

या खाद्यसूचीत मुंबईचा इतिहास आहे. मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली आणि प्रकृतीच्या कारणास्तव दारू ‘आवश्यक’ असलेल्यांना परवाने देण्याची पद्धत सुरू झाली. बाकीचे शहर चोरून पिऊ लागले. वांद्रे, माझगाव, धोबीतलाव या भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांमधून ‘आंटी’चे अड्डे उभे राहिले ते याच काळात. तिथे घराच्या पुढच्या खोलीत बाकड्यावर बसून गावठी प्यायची आणि आंटीने उकडलेले अंडे मिठाबरोबर खायचे. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली, परमिट रूम उघडपणे निघू लागले. चहा-ब्रुनमस्क्याच्या विक्रीवर भाडे निघेना तेव्हा कित्येक इराण्यांनी बिअरचा परवाना घेतला. दक्षिण कन्नडमधून आलेल्या, रात्रशाळांत शिकत हॉटेलांत राबलेल्या शेट्टी मंडळींनी हा धंदा हाती घेतला आणि त्याला शिस्त लावली. म्हणून मंगळूरकडचे सुक्के, मालवणचा बोंबील, इराण्याचा खिमा, ढाब्यावरची तंदुरी आणि कोणत्याही चिनी माणसाने कधी न पाहिलेले चायनीज या एका स्वयंपाकघरात एकत्र आले. गंमत अशी की कायद्याच्या नावात ‘दारूबंदी’ हा शब्द आजही कायम आहे. कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. म्हणजे आपण ज्या खोलीत बसतो ती खोली मूळ मनाईतला एक अपवाद आहे, आणि त्या अपवादात बसण्याची अपराधी भावना तिच्या मंद दिव्यांत अजून रेंगाळते आहे.

मराठी साहित्याने या खोलीचे काय केले? आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा पहिले उत्तर हमखास येते ते राम गणेश गडकऱ्यांचे. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आले आणि मराठी मनातील मद्यपानाची प्रतिमा त्याने कायमची निश्चित केली. सुधाकराची सनद, तळीरामाने पुढे केलेला पेला, सिंधूचे दळण, आणि मग सर्वनाश. नाटकाचे शीर्षक उपरोधाचे आहे: एकच म्हणून घेतलेला प्याला एक राहत नाही, त्याला शेवट नसतो, शेवट होतो तो पिणाऱ्याचा. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ हा या नाटकातला सर्वांत जिवंत, सर्वांत हशा पिकवणारा भाग. सोबतीने बसण्यातली मौज गडकऱ्यांच्या प्रतिभेला पुरेपूर कळली होती. त्यांच्या नाट्यहेतूने ती नंतर नाकारली, एवढेच. त्या मंडळाला प्रेक्षक मनापासून हसतो आणि पुढल्या अंकात त्या हसण्याची किंमत मोजतो.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत या प्रतिमेला मोठे छेद गेले, पण ते वेगळ्या दिशेने. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) सदाशिवपेठी वाचकाला ज्या वस्तीत नेऊन उभे केले तिथे दारूचा नैतिक प्रश्नच शिल्लक नव्हता, जगण्याचा होता. दया पवारांच्या ‘बलुतं’मधले (१९७८) वडिलांचे व्यसन एका कुटुंबाच्या कोसळण्याची हकिकत सांगते. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर घरात दारू विकून पोट भरणारी आजी आहे, म्हणजे गुत्ता पहिल्यांदाच विकणाऱ्याच्या बाजूने दिसला. हे सारे लेखन मराठीचे वैभव आहे. तरीही आमचे निरीक्षण असे, की उद्ध्वस्त करणारी दारू आणि जगवणारी दारू या दोहोंच्या मध्ये जी एक साधारण, रोजची, न गाजणारी संध्याकाळ असते, तिला मराठीत फारसा लेखक मिळाला नाही. इराण्याच्या हॉटेलवर मराठी माणसाने मन भरून लिहिले. खाणावळीवर, मेसवर, मिसळीवर लिहिले, पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ तर कित्येकांना जवळपास पाठ आहे. परमिट रूममधल्या बोंबलावर मात्र कोणी ललितलेख लिहिल्याचे आम्हांला आठवत नाही. तो बोंबील खाणारे लेखक संख्येने कमी नव्हते, हे सांगणे न लगे.

याचे कारण आमच्या मते असे की आपण प्याला पाहिला, ताट पाहिले नाही.

संस्कृतमध्ये यासाठी एक नेमका शब्द होता. मद्याबरोबर तोंडी लावायच्या खारट, आंबट, तिखट पदार्थांना ‘उपदंश’ म्हणत. ‘कामसूत्रा’तील नागरकांच्या आपानकांच्या, म्हणजे पानगोष्ठींच्या वर्णनात फळे, भाज्या, खारे-आंबट पदार्थ अशी या उपदंशांची यादीच आहे. मराठीत हा शब्द आला खरा. पण आज मराठी वाचकाला उपदंश म्हटले की फक्त गुप्तरोग आठवतो. पदार्थाचा अर्थ भाषेतून गळून पडला, रोगाचा तेवढा राहिला. मद्यपानाविषयीच्या आपल्या सांस्कृतिक स्मृतीचे याहून चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. मग पदार्थासाठी आपण ‘चखणा’ हा शब्द बाजारातून उचलला. तो कोशात कमी आणि टपरीवर जास्त सापडतो.

आता आमचे मुख्य म्हणणे. शेजारच्या चांगल्या परमिट रूमचे आकर्षण दारूत नाही, कारण तीच दारू वाईन शॉपमध्ये स्वस्त मिळते. ते केवळ सोबतीतही नाही, कारण सोबत कट्ट्यावरही मिळते. ते आहे स्वयंपाकघरात. ज्या पिण्याच्या जागेला स्वयंपाकघर आहे तिथल्या संध्याकाळीला शेवट असतो. गडकऱ्यांच्या प्याल्याला जो शेवट नव्हता तो शेवट इथे एका प्रश्नाच्या रूपाने येतो. दुसरा पेला संपत आला की वेटर टेबलाशी येतो आणि विचारतो, “जेवण काय सांगू?” या तीन शब्दांच्या प्रश्नात एक संपूर्ण संस्कृती आहे. त्यात तुमची वेळ झाली हे सुचवलेले असते, तुम्ही उपाशीपोटी घरी जाऊ नये ही काळजी असते, आणि तिसरा पेला मागवायचा असेल तर तो या प्रश्नाला ओलांडून मागवावा लागेल ही अडचणही असते. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तर तो प्रश्न विचारतही नाही. “किचन बंद होतंय” एवढेच सांगतो आणि दालखिचडी आणून ठेवतो. ताट आले की प्याला बाजूला सरतो. वरणभाताचा वास माणसाला घराची आठवण करून देतो. मग बिल येते, बडीशेप येते, आणि माणूस चालत घरी जातो. गल्लीतल्या गल्लीत असल्यामुळे चालत जाऊ शकतो, हेही महत्त्वाचे.

या वेटरची नैतिक भूमिका आपल्या साहित्यात कुठेही नाही. आपल्याकडे मद्यपीला थांबवणारी माणसे म्हणजे पत्नी, आई, किंवा सुधाकराच्या मेव्हण्यासारखा सज्जन आप्त. थांबवण्याचे हे काम कोणताही उपदेश न करता रोज रात्री करणारा, बारा-बारा तास उभा असणारा, मालकाच्या नफ्याविरुद्ध बोलणारा हा वेटर मात्र अदृश्य राहिला. आम्ही कॅपचे पेपर तपासून संध्याकाळी जिथे जाऊन बसतो तिथे असा एक आहे. पंचवीसेक वर्षे त्याच जागी. कोणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, कोणाच्या मुलीची बारावी आहे, कोणाचा पगार अडकला आहे, हे त्याला ठाऊक असते. एक निवृत्त गृहस्थ रोज साडेआठला येतात, पीत काहीच नाहीत, बांगड्याचे कालवण आणि भात घेतात. पत्नी गेल्यापासून ते दोन वेळचे जेवण करत नव्हते, असे आम्हांला त्याच वेटरने सांगितले. तासिका तत्त्वावर शिकवणारा आमचा तरुण सहकारी महिन्याच्या अखेरीस अंडाभुर्जी आणि पाव मागवतो तेव्हा भुर्जीत अंडी जरा जास्त पडतात. मेनूकार्डवर याची नोंद नाही. चांगले आणि परवडणारे अन्न म्हणजे काय, याची आमची व्याख्या अशी आहे: ज्या दरात माणसाला आपल्या पगाराची लाज वाटत नाही, आणि ज्या चवीत स्वयंपाक्याला आपल्या कामाची लाज वाटत नाही.

इथे सुज्ञ वाचक एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. दारूने या राज्यात जे केले आहे ते शेंगदाण्याच्या वाटीने झाकता येत नाही. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले; तिथल्या प्रत्येक रुग्णामागे एक घर होळपळलेले असते. गडचिरोलीत १९९३ पासून असलेली दारूबंदी हवेतून आलेली नाही, तिच्यामागे चळवळ होती. चंद्रपूरची २०१५ मधली बंदी स्त्रियांच्या आंदोलनातून आली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली तेव्हा त्याच स्त्रियांना ती हार वाटली. महाराष्ट्राच्या नियमांत ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ अशी मतदानाची तरतूद आहे. गावोगावच्या बायकांनी रांगा लावून आडव्या बाटलीवर शिक्के मारले आहेत. हे मतदान म्हणजे आमच्या मते मराठी समाजाने मद्यपानावर लिहिलेली सर्वांत थेट समीक्षा आहे. तिच्यासमोर आमचा बोंबील फ्राय फार केविलवाणा दिसतो, याची आम्हांला जाणीव आहे.

परंतु या आक्षेपाकडे नीट पाहिले तर तो आमच्या म्हणण्याला छेद देण्याऐवजी ते अधिक धारदार करतो. ज्या दुकानांविरुद्ध बायका उभ्या राहिल्या त्यांत मोठा वाटा होता तो देशी दारूच्या दुकानांचा. ही दुकाने कशी असतात? एक जाळी, जाळीला एक खिडकी, समोर उभे राहण्यापुरती जागा. बसायला बाक असला तर असला. आत चूल नाही. बाहेर एखादी हातगाडी असते, तिच्यावर उकडलेली अंडी, थंड झालेली भजी आणि मीठ-तिखट लावलेली कैरी. दिवसभर राबलेला माणूस तिथे उपाशीपोटी, उभ्याउभ्या, घाईने पितो, कारण त्याला कोणी ‘जेवण काय सांगू’ असे विचारणार नाही. विदेशी मद्याचा बार चालवायचा परवाना उपाहारगृहाला मिळतो. म्हणजे जो जास्त पैसे मोजू शकतो त्याच्या प्याल्याला राज्याने ताट जोडून दिले आणि जो मोजू शकत नाही त्याच्यापुढे जाळी ठेवली. महसूल दोघांकडूनही घेतला. दारूच्या प्रश्नाची वर्गीय बाजू आपण बाटलीत शोधतो. ती स्वयंपाकघर असण्या-नसण्यात आहे. एकाला खोली मिळाली, दुसऱ्याला गुत्ता.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच येतो. हा लेख लिहिणाऱ्या आम्हां दोघांपैकी एक पुरुष आहे आणि एक स्त्री. वर जे ‘माणूस’, ‘माणसे’ असे शब्द आले ते वाचकाने बहुधा पुरुष असेच वाचले असतील, आणि वाचकाचे त्यात फारसे चुकलेले नाही. शेजारचा परमिट रूम हा पुरुषांचा दिवाणखाना आहे. एकत्र गेल्यावर आम्हांला दारातूनच वरच्या मजल्याकडे, ‘फॅमिली’ अशी पाटी असलेल्या वातानुकूलित भागाकडे वळवले जाते. तिथे पडदे असतात, दर वाढलेले असतात आणि गावगप्पा नसतात. खालच्या टेबलाशी बसण्याचा हट्ट धरला तर कोणी अपमान करत नाही. आवाज तेवढे खाली येतात. शेजारच्या टेबलावरचा अर्ध्यावर आलेला विनोद गिळला जातो. त्या क्षणी जागेचे सगळे गुण, तिचा मोकळेपणा, तिचे अनौपचारिक लोकशाही रूप, एका व्यक्तीपुरते बंद होतात. ज्या जागेला आपण ‘सर्वांची’ म्हणतो ती निम्म्यांची असते तेव्हा तिची थोरवी सांगताना आवाज खाली आलेला बरा.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात आपल्या मनातल्या आदर्श पबवर एक छोटा लेख लिहिला होता, ‘द मून अंडर वॉटर’. इंग्रजी विभागातले आमचे मित्र तो शिकवतात. त्यात शांतता, नावाने ओळखणाऱ्या मावश्या, चिनीमातीचे मग अशी यादी आहे, आणि आमच्या दृष्टीने लक्षणीय असे की खाण्याला त्यात मोठी जागा आहे: खाली चीज आणि लोणच्यांचा काउंटर, वर आठवड्यातले सहा दिवस तीन शिलिंगांच्या आसपास भरपेट जेवण. शेवटी तो सांगून टाकतो की असा पब अस्तित्वातच नाही. पण त्या लेखातील सर्वांत गंभीर मुद्दा वेगळाच आहे. पबमध्ये मुलांना मज्जाव केल्यामुळे बायकाही बाहेर राहतात आणि मग जी जागा कुटुंबांनी एकत्र येण्याची असायची ती नुसती पिण्याची जागा होते, असे ऑर्वेल म्हणतो. सोवळेपणाने जागा सुधारत नाही, बिघडते, हा त्याचा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

आणि यासाठी लंडनला जाण्याचीही गरज नाही. गोव्यातील जुने तावेर्न पाहावे. कित्येक गावांत एकाच छपराखाली एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला सोऱ्याचा काउंटर असतो. गल्ल्यावर अनेकदा घरातली बाई बसलेली असते. काजूच्या हंगामात उर्राक येते, ती संपली की फेणी. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेली ही फेणी गावकऱ्याला त्याआधीही आपलीच वाटत होती. बरोबर चोरीसपाव, तळलेली मासळी किंवा नुसते उकडलेले अंडे. मूल वडिलांबरोबर साखर आणायला येते आणि वडील तेवढ्यात उभ्याने एक पेग घेतात. दोन्ही गोष्टी एकाच उजेडात घडतात. गोव्यात व्यसन नाही असा भाबडा दावा आम्ही करत नाही. तिथल्या घरांनीही दारूचे घाव सोसले आहेत. मुद्दा एवढाच की तिथे या जागेला अंधार लागत नाही. जिथे बायकामुलांची नजर पोहोचते तिथे पिणाऱ्यालाही आपण कसे दिसतो याची फिकीर असते. आपल्याकडे आपण आधी काचा काळ्या केल्या आणि मग आत काळोख आहे अशी तक्रार केली.

हा विषय आजच घेण्याचे कारण असे की ही जागा आता दोन्ही बाजूंनी दाबली जात आहे. २०२० च्या टाळेबंदीने एक नकळत प्रयोग करून दाखवला. मे महिन्यात राज्याने घरपोच मद्यविक्रीला मुभा दिली. बार आणि उपाहारगृहे मात्र ५ ऑक्टोबरपर्यंत बंद होती. म्हणजे मधले काही महिने बाटली घरी येत होती आणि बसायची जागा नव्हती. केवळ दारूचीच ओढ असती तर त्या महिन्यांत कोणाचे काही बिघडायला नको होते. प्रत्यक्षात एकटी माणसे अधिक एकटी झाली, आणि एकत्र राहणाऱ्या घरांत जो पेला पूर्वी बाहेर संपत असे तो घरातल्या भांडणात येऊन संपू लागला. पुढे २०२५ च्या जूनमध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणावर वाढले, मूल्यवर्धित कर आणि परवाना शुल्काची वाढ त्याआधीची; १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बारचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. बारमालकांची बाजू मांडण्याचा आमचा उद्देश नाही, ती मांडायला त्यांची संघटना समर्थ आहे. आम्हांला दिसते ते असे: दर वाढले की मोठा बार कॉकटेल विकून तगतो, वाईन शॉप रांगेवर तगते. मरतो तो मधला, ज्याचा सगळा हिशेब स्वस्त बोंबील आणि दोन पेगांच्या जोडीवर उभा असतो. त्याच्या जागी मोबाईलचे दुकान येते. आणि तिथला गिऱ्हाईक वाईन शॉपमधून क्वार्टर घेऊन उड्डाणपुलाखाली उभ्या केलेल्या रिक्षात पितो. चार पैसे वाचतात, पण त्याला जेवणाचे विचारणारा कोणी उरत नाही. राज्याच्या तिजोरीत भर पडते आणि एक ताट कमी होते.

म्हणून आमचे म्हणणे धोरण आखणाऱ्यांना जेवढे आहे तेवढेच, किंबहुना थोडे अधिक, लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना आहे. दारूबंदी हवी की नको, या एकाच प्रश्नाभोवती आपली चर्चा शंभर वर्षे फिरते आहे. त्याऐवजी माणसाने कुठे बसावे, काय खावे, त्याच्या शेजारी कोण बसू शकते आणि त्याला थांबायला कोण सांगते, असे प्रश्न विचारले तर उत्तरे वेगळी येतील. ज्या खोलीत स्वयंपाकघर आहे, जिचे दर पगाराला झेपतात, जिच्या काचा पारदर्शक आहेत आणि जिच्यात खालच्या टेबलाशी एखादी स्त्री निवांत बसून मासे खाऊ शकते, ती खोली आणि जाळीमागचा गुत्ता या दोन वेगळ्या संस्था आहेत. त्यांना एका शब्दात कोंबणे हे कायद्याला परवडत असेल, साहित्याला परवडू नये.

आमच्या एम.ए.च्या वर्गाला आम्ही यंदा एक स्वाध्याय देणार आहोत. ‘एकच प्याला’ वाचून झाल्यावर त्यांनी एक नवे पात्र लिहायचे आहे. आर्यमदिरामंडळाची बैठक भरलेली असताना ते आतून येईल. त्याच्या खांद्यावर फडके असेल, पेन्सिल कानामागे. ते कोणाला सुधारणार नाही, कोणाला बिघडवणार नाही; सुधाकराच्या टेबलाशी उभे राहून त्याला जेवण काय सांगू म्हणून विचारील. त्यानंतर नाटक गडकऱ्यांनी नेले त्याच वाटेने जाते की नाही, ते विद्यार्थ्यांनी ठरवायचे आहे.